क्रिस्टी पिट्सच्या उतारावर एकटा बसू नकोस

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर बोलता बोलता जे सांगून गेलास, ते ऐकल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. टोरोंटोतल्या क्रिस्टी पिट्स बागेच्या उतारावर बेसबॉलचा सामना बघत असताना मागून कोणीतरी ‘आपल्या देशात परत जा’ असे ओरडले, तू जागचा हलला नाहीस, आणि वर ‘पुढच्या रविवारीही तिथेच बसणार’ असे म्हणालास. आईला मी यातले काही बोललेलो नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की तिथे एकटा जाऊ नकोस.

ती जागा तुला का आवडते, हे मला ठाऊक आहे. आम्ही आलो होतो त्या उन्हाळ्यात तू आम्हाला मुद्दाम तिथे नेले होतेस. स्टेशनातून ब्लूर रस्त्यावर आले की समोर जमीन एकदम खोल उतरते, कारण तिथे पूर्वी वाळूच्या खाणी होत्या. आणि त्या खोलगटाच्या तळाशी मेपल लीफ्स या बेसबॉल संघाचे मैदान, जिथे तो १९६९ पासून खेळतो आहे. तिकीट नव्हते, खुर्च्या नव्हत्या, सगळे गाव गवतावर बसलेले. आईला टाचा रोवून बसावे लागले होते, तरी ती सामना संपेपर्यंत उठली नाही. फाऊल बॉल उतारावर आला की पोरे त्यामागे धावत होती, आणि त्यांच्यात तूही धावलास, एवढा घोडा झालेला! चेंडू हाती लागल्यावर तो शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकलास, ते मी पाहत होतो.

त्याच दिवशी तू मला स्मृतिफलकासमोर उभे करून १६ ऑगस्ट १९३३ची हकीकत सांगितलीस. हिटलर त्याच वर्षी जर्मनीत सत्तेवर आला होता आणि त्याचे विष टोरोंटोच्या या बागेपर्यंत पोचले होते. हार्बर्ड नावाच्या बेसबॉल संघात बहुतेक ज्यू मुले होती. त्यांचा सामना संपताच काही तरुणांनी नाझी स्वस्तिक काढलेली चादर फडकवली आणि दंगल पेटली. ज्यू मुलांच्या मदतीला इटालियन मुले धावून आली, हजारो माणसे रस्त्यावर उतरली, आणि मारामारी सुमारे सहा तास चालली. कोणी दगावले नाही, हे नशीब. तुला त्या हकीकतीत एकमेकांसाठी उभी राहिलेली मुले दिसतात. मला मात्र रविवारपासून फोडलेली डोकीच दिसत आहेत, आणि म्हणून सांगतो, की एकटा बसू नकोस.

कोणी काही बोललेच तर उलट उत्तर देऊ नये, गर्दी असेल तिथे जाऊन बसावे, अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे, मोबाइल चार्ज केलेला असावा. पाहा, पुन्हा मी वर्गात उभा राहिल्यासारखा बोलू लागलो. राग मानू नकोस. तू तिथे नीट राहतोस, हे मी जाणतो.

पाचवीत असताना पाटलांच्या बाळूला मोठ्या मुलांनी खो-खोच्या मैदानातून हाकलले, तेव्हा तू पाटी तशीच टाकून त्याच्याबरोबर मधल्या रेषेवर जाऊन बसला होतास. नंदूकाका तुला उचलायला आले तर त्यांनाही दाद दिली नाहीस. गुडघा सोलवटलेला होता आणि डोळ्यांत पाणी होते, पण रेषेवरून हलला नाहीस. त्या दिवशी मी तुला रागावलो, आणि रात्री आईजवळ तुझे कौतुक करताना थकलो नाही. आताही तसेच झाले आहे. तू उठला नाहीस, याचा मला अभिमान आहे; पण त्या वेळी मी कुंपणापाशी उभा होतो, आणि आता आपल्यामध्ये सात समुद्र आहेत.

म्हणून तुझ्या त्या कोरियन खोलीमित्राला बरोबर घेऊन जा. सामना संपला की फोन कर; इथे मध्यरात्र उलटून गेलेली असली तरी चालेल. आणि तो येणार नसेल त्या रविवारी तू काय करणार आहेस, तेवढे मला आधी कळव.

तुझा,
बाबा