किनाऱ्यावरच्या कचऱ्याची नोंदही ठेवा

महोदय,
पावसाळ्यात समुद्राने चौपाटीवर आणून टाकलेल्या कचऱ्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. किती टन उचलला, तेही कळते. तो आला कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही.

१० जानेवारी १९९२ रोजी उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात एका मालवाहू जहाजावरून काही कंटेनर पडले. एकात आंघोळीच्या वेळची २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी होती: पिवळी बदके, लाल बीव्हर, निळी कासवे, हिरवे बेडूक. पुठ्ठा भिजून सुटला आणि ही पलटण मोकळी झाली. नोव्हेंबरात ती अलास्कातल्या सिटका परिसरात किनाऱ्याला लागू लागली. कर्टिस एब्समेयर आणि जेम्स इंग्राहम या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर भटकणाऱ्या हौशी मंडळींच्या नोंदी जमवून समुद्रप्रवाहांच्या संगणकी अंदाजाशी ताडून पाहिल्या. खेळणी कुठे आणि कधी पडली हे पक्के ठाऊक होते, खरी किंमत त्यालाच!

अर्थात, तरंगत्या वस्तूला वाराही ढकलतो. म्हणूनच २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच ३७० विमानाच्या पंखाचा तुकडा २०१५ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर सापडल्यावर ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तसाच भाग समुद्रात सोडून तो कसा वाहतो ते तपासले.

आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. सफाई मोहिमेतल्या मुलांनी डबे, बाटल्या, जाळ्यांचे बोये यांवरचा छापील मजकूर, जागा आणि तारीख वहीत टिपावी. गोव्यातल्या दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यासाठी मराठीत साधा तक्ता द्यावा.

– एक वाचक, रत्नागिरी