अंगणाचं शेवटचं बिल पहिल्या पावसानंतरच द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस उघडला, दिवाळी झाली, की आमच्या बेळगावात अंगणाची कामं निघतात. पेव्हर ब्लॉक बसवा, लॉन लावा, कंपाऊंडकडेनं गटर काढा, हे सगळं मे संपेपर्यंत चालतंय. यंदाही आमच्या वडगाव भागात दोन-तीन घरांसमोर ब्लॉकचे ढीग पडलेले बघितले म्हणून म्हटलं आपली फजिती लिहूनच टाकावी, निदान दुसऱ्याचे तरी पैसे वाचतील.

आमचा प्लॉट तीस बाय चाळीसचा, येळ्ळूर रोडच्या बाजूला. पूर्वी इथं भाताची शिवारं होती, जमीन काळी. पुढं जास्वंद, कढीपत्ता, एक नारळ आणि तुळशीकट्टा एवढंच होतं आणि खरं सांगायचं तर बरं होतं. पण पोरगा पुण्यात असतो, त्याच्या डोक्यात लँडस्केपिंग बसलं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक कॉन्ट्रॅक्टर आला, मोबाईलवर फोटो दाखवले, आम्ही खूश. कोटेशन म्हणजे वहीचं एक पान, त्यावर 'पेव्हर, लॉन, ड्रेनेज, लमसम १,८५,०००', बस्स. कुठला ब्लॉक, खाली काय घालणार, पाणी कुठं जाणार, काही नाही. साठ टक्के ॲडव्हान्स रोख दिला, पावती मागायचं सुचलंच नाही आणि काम संपलं त्या दिवशी उरलेलेही देऊन टाकले. मी विचारलं होतं हो, पाण्याचं काय? तर म्हणाला, "काय होत न्हाई काका, पाणी आपली वाट आपण काढतंय."

काढली की. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि पाण्यानं सरळ आमच्या व्हरांड्याची वाट काढली. गच्चीचे दोन्ही पाईप ब्लॉकवरच सोडलेले आणि ढाळ गेटकडं असायच्या ऐवजी पायरीकडं. हिशोब करून बघा, हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर साधारण २३०० लिटर पाणी होतंय, म्हणजे दोन हजारची सिंटेक्स भरून वर सांडेल एवढं, आणि ते सगळं दारात. पंधरा दिवसांत स्कूटर लावायच्या जागचे ब्लॉक खचले, लॉन कुजून वास मारायला लागलं. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला की खानापूरला साईट चालू आहे, येतो, बघतो. अजून येतोयच.

शेवटी फेब्रुवारीत येळ्ळूरचे एक म्हातारे गवंडीमामा आणले. त्यांनी मशीन नाही का लेसर नाही, पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दहा मिनिटांत दाखवलं की गेटजवळची फरशी पायरीपेक्षा दोन इंच वर आहे. रस्त्यावरचं गटर त्याहून वर, कारण रस्ता दर डांबरीकरणाला चढतोय आणि आमची घरं आहेत तिथंच. चार ब्लॉक उचलले तर खाली काळ्या मातीवर नुसती वाळू. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर ब्लॉक सरळ राहणार कसे? मामांनी आठ-नऊ इंच माती काढून टाकली, मुरूम दोन थरांत घालून पाणी मारून धुम्मसनं ठोकून घट्ट केला, त्यावर दीड इंच वाळू आणि मग ब्लॉक. दहा फुटाला दीड-दोन इंच ढाळ, घरापासनं लांब. गच्चीचं पाणी पाईपनं मागच्या जुन्या विहिरीकडं नेलं, मध्ये खडी-वाळूचा खड्डा करून. नारळाभोवती तीन फूट जागा उघडी सोडली. आधीच्या माणसानं तर खोडापर्यंत काँक्रीट आणून भिडवलं होतं, झाडानं प्यायचं काय? एक गोष्ट मामांनी ठामपणे नाकारली, पावसाचं पाणी यूजीडीच्या, म्हणजे जमिनीखालच्या सांडपाण्याच्या गटाराच्या, चेंबरला जोडायला. मी म्हटलं सगळे जोडतात की. म्हणाले, मग मोठ्या पावसात तेच सगळ्यांच्या संडासातनं वर येतंय. आणखी ७० हजार गेले, पण यंदाच्या पावसात व्हरांडा कोरडा राहिला.

आता माझं म्हणणं एवढंच. सरकारी कामात कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातनं सिक्युरिटी डिपॉझिट कापून ठेवतात, डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे काम बिघडलं तर त्यानंच दुरुस्त करून द्यायची, मुदत संपली की परत देतात. मग आम्ही घरवाले एवढे दानशूर कशाला? निदान दहा टक्के रक्कम एक पाऊस जाईपर्यंत धरून ठेवायची आणि ही अट काम सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहून घ्यायची. चांगला माणूस कुरकुर करेल, पण कबूल होईल. जो ऐकूनच उठून जातोय त्याला जाऊ दे. त्याच कागदावर ब्लॉकची जाडी लिहून घ्या, गाडी चढणार असेल तर ८० एमएम, नुसतं चालायला ६० चालतो. मुरूम किती इंच आणि पाणी कुठनं कुठं जाणार त्याचं हातानं काढलेलं चित्र पण. आणि त्याचं काम बघायला जाल तर गेल्या महिन्यातलं बघू नका, दोन पावसाळे खाल्लेलं बघा. नवीन ब्लॉक सगळ्यांचेच छान दिसतात.

भाचा वकील आहे, तो म्हणाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी पण नाही. मी म्हटलं करू या. तो म्हणाला, पावती दाखव. वहीचं ते पान दाखवलं तर त्यावर तारीख नाही, सही नाही, खाली फक्त कुणीतरी बेरीज केलेली आणि ती पण चुकलेली.

गवंडीमामा त्यांची नळी आमच्याकडंच विसरून गेलेत. गल्लीत कुणाचं काम निघणार असेल तर घेऊन जा, पण परत आणून द्या, मामा विचारतायत.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव