मिरजेच्या भूलतज्ज्ञ मॅडमना, जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

यकृताच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला भूल कशी द्यायची, ते तुम्ही दोन सिरिंजा समोर ठेवून शिकवलंत. एकीत झोपेचं औषध प्रोपोफॉल, दुसरीत अफूच्या जातीचं वेदनाशामक फेंटानिल. त्याबद्दल मनापासून आभार. सांगली-साताऱ्याकडच्या नव्या मंडळींनाही उपयोग व्हावा म्हणून हे तपशिलासकट लिहितोय.

ही दोन्ही एकमेकांचा जोर वाढवतात, म्हणून दोन्ही कमी लागतात. ६० किलोच्या पेशंटला फेंटानिल १२० मायक्रोग्रॅम, म्हणजे २.४ मिली. मग तीन मिनिटं हात बांधून उभं राहायचं. फेंटानिलचा अंमल चढायच्या आत प्रोपोफॉल ढकललं की ‘अजून झोपला नाही’ म्हणून डोस वाढतो आणि पाठोपाठ बीपी कोसळतं. थांबलं, तर एरवी १२० मिग्रॅ लागणारं प्रोपोफॉल ६० ते ९० मिग्रॅमध्ये भागतं. तेही एकदम नाही, दर दहा सेकंदांना २० मिग्रॅ. मिडाझोलॅम हे गुंगीचं औषध लागलंच तर १ मिग्रॅ. सिरॉसिस झालेल्या, म्हणजे घट्ट निबर पडलेल्या यकृतातून ते लवकर निघत नाही.

खरी कसोटी यकृत कापताना. बीपी उतरलं की सलाईन सोडायला हात शिवशिवतात. पण शिरा फुगल्या की कापलेल्या जागेतून रक्त जास्त वाहतं, म्हणून कापणं होईपर्यंत सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, ५ च्या खाली ठेवायचा. तेव्हा बीपी उतरलं तर आधी बीआयएस, म्हणजे भूल किती खोल आहे ते मेंदूच्या लहरींवरून सांगणारा आकडा, बघायचा. तो ४० च्या खाली गेला असेल तर भूल जास्त झाली आहे, पंपातून सतत जाणारं प्रोपोफॉल कमी करा. ४० ते ६० मध्ये असेल तर बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनालिन. अर्थात सर्जनचा हात पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबून बसल्यामुळे बीपी उतरलं नाही ना, हेही विचारायचं. आम्ही ते विसरायचो.

प्रोपोफॉलचा काही भाग यकृताबाहेरही निकामी होतो. फेंटानिलचं तसं नाही. तासन्‌तास पंप चालला की ते चरबीत साठतं, आणि ते निकामी करणारं यकृत तर अर्धं कापून बाहेर गेलेलं. म्हणून पोट शिवायला घेण्याआधीच तो पंप बंद. रेमिफेंटानिल मिळालं तर ही काळजी नाही, ते रक्तातल्या आणि ऊतींमधल्या एन्झाइमनीच मोडतं. पण त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो, त्यामुळे दुखण्याची दुसरी सोय आधी लावावी लागते.

आणि ती शेवटची गोष्ट: ओटी (ऑपरेशन थिएटर) सोडण्याआधी सलाईनच्या नळीला जोडलेला थ्री-वे नळ आणि एक्स्टेन्शन नळी सलाईनने धुवायची. नळीत उरलेलं फेंटानिल वॉर्डात अँटिबायोटिकबरोबर आत जातं आणि श्वास थांबतो. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बराच वेळ ९८ दाखवत राहतं, ऑक्सिजन चालू असतो ना! म्हणून श्वास मोजायचे, मिनिटाला आठच्या खाली गेले की पेशंटला हाक मारायची, मास्कने श्वास द्यायचा. फेंटानिलचा अंमल उतरवणारं नॅलोक्सोन ट्रॉलीत वरच्याच कप्प्यात.

तुमचे,
भूल विभागातले निवासी डॉक्टर आणि ओटी टेक्निशियन