ती एक ओळ दुरुस्त करा

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनवरचा लेख दोनदा वाचला. सर्जन, इम्प्लांट, भूल, टाके सगळ्यावर छान लिहिलंय, आणि फिजिओथेरपीच्या वाट्याला शेवटची एक ओळ, की नंतर गरजेप्रमाणे मालिश आणि शेक घ्यावा. ताज्या ऑपरेशनच्या गुडघ्याला शेक? तिथे सूज उतरायला बर्फ लावतात हो! कालपासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितेय.

माझ्या आईचं दोन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं. उत्तम झालं, सर्जनबद्दल तक्रार नाही, पण घरी सोडताना व्यायामाचा एक झेरॉक्स कागद हातात ठेवला आणि संपलं. आई कळवळायची म्हणून मी गुडघ्याखाली उशी द्यायची, तिला बरं वाटायचं आणि मला वाटायचं मी तिची नीट काळजी घेतेय. अकराव्या दिवशी फिजिओ मॅडम आल्या, त्यांनी सगळ्यात आधी ती उशी काढली. म्हणाल्या, गुडघा असा वाकलेला राहिला की तसाच आखडतो, मग सरळ होत नाही, उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या. अकरा दिवसांत हे मला एकानेही सांगितलं नव्हतं, आजही आठवलं की पोटात तुटतं.

तोवर गुडघा ५५ अंशांवर अडकलेला. नीट चालायलाच तो साधारण ६० अंश वाकावा लागतो, खुर्चीतून उठायला ९० च्या आसपास. मॅडम रोज कोन मोजून वहीत लिहायच्या, मांडीचा स्नायू जागा व्हायला गुडघा गादीत दाबून धरायला लावायच्या, आई रडायची, कधी वाट्टेल ते बोलायची, त्या दोन मिनिटं थांबायच्या आणि पुन्हा सुरू. तीन महिन्यांनी ११० झाले, आई जिना चढली. याला मालिश म्हणता?

लकवा झालेल्याला पुन्हा बसायला-उठायला शिकवणं, आयसीयूत पेशंटच्या छातीतला कफ सुटायला मदत करणं, हेही हीच माणसं करतात. त्यांची जागतिक संघटना १९५१ मध्ये ८ सप्टेंबरला स्थापन झाली, म्हणून त्या दिवशी जागतिक फिजिओथेरपी दिन पाळतात. त्या दिवशी तरी एक पान द्या.

आणि लिहितेच आहे तर, तुमच्या पानावर सगळ्यांना एकच 'गुडघेदुखीवर पाच व्यायाम' छापणंही थांबवा, निदान ते कुणाकुणाने करू नयेत हे तरी लिहा.

शेकाची ती ओळ मात्र उद्याच दुरुस्त करा. ज्याच्या घरी परवाच टाके घातलेलं माणूस आलंय तो कालचा लेख वाचून पाणी गरम करत असेल.

आपली,
एक वाचक