बाळंतविड्यात कार सीटही हवी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नव्या बाळाच्या खर्चाचा अंदाज मांडणारा लेख वाचला आणि कापून ठेवला, कारण तोच हिशेब सध्या आमच्या घरात चालू होता. मुलगी पहिल्या बाळंतपणाला खारघरहून माहेरी आलेली, म्हणजे खर्चाची वही माझ्याकडे. लेखात पाळणा, प्रॅम, फोटोशूट, झालंच तर बाळावर नजर ठेवणारा कॅमेराही होता. बाळ दवाखान्यातून घरी कशात बसून येणार, याची ओळ मात्र नव्हती. लेखकाला बोल लावत नाही. माझ्या वहीतही ती नव्हती.

मुलीनं कार सीटचा, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायच्या खुर्चीचा, विषय काढला तेव्हा मी उडवून लावला. "दवाखाना दोन किलोमीटरवर. तेवढ्यासाठी आठ हजारांची खुर्ची? आजीची मांडी काय वाईट आहे?" मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेला माणूस, त्यामुळे गाडीतलं मला कोणी शिकवू नये असा एक माज असतोच. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, बसमध्ये जॅक सुटा पडलेला दिसला की तुम्ही ड्रायव्हरला झापायचात. मग माझं बाळ सुटं चालेल?"

रात्री वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी कशावर तरी आदळून ०.१ सेकंदात थांबली, तर साडेतीन किलोचं बाळ हाताला साधारण ५० किलोचा हिसका देतं. म्हणजे सिमेंटची एक गोणी. ती अवचित अंगावर आली तर पैलवानाच्या हातात राहणार नाही, आजीची काय कथा! त्यात आजीनं पट्टा लावलेला नसला तर आजी बाळावर आदळणार. आणि एकाच पट्ट्यात दोघांना बांधलं तर आजीचं सगळं वजन पट्ट्यासकट बाळावर. सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते. त्यानंतर मागच्या पट्ट्यांवर घरोघरी बोलणं झालं. मांडीवरच्या बाळाचं काय, हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. कायद्याला ते सुचलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीतलं कलम १९४ ब सांगतं, की १४ वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा मुलांसाठीच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. तीन हात नाक्याला हेल्मेटची पावती फाटताना मी शंभरदा पाहिली असेल, ही एकदाही नाही.

मग पैशांचं. वही उघडली आणि लाज वाटली. बारशाचा हॉल आणि ८० पानं मिळून ३६ हजार. मालिश-शेकवाल्या मावशी ४० दिवस, २० हजार. त्यात कपात करायची माझी छाती नाही. डिंक, अळीव, खारीक, तूप हे वेगळं. चांदीचे वाळे आणि बिंदल्या तर हिनं सातव्या महिन्यातच घेऊन ठेवलेल्या. यात आठ हजार बसत नाहीत म्हणणं म्हणजे शुद्ध ढोंग होतं. ज्यांचं खरंच ओढाताणीचं आहे त्यांना दोन जागा सांगतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या मुख्य लशी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. खासगीत 'कमी दुखणारी' म्हणून जी घेतात, तिचे एकेका खेपेला काही हजार जातात. ती घेऊ नका असं नाही, आपल्या डॉक्टरांशी बोला. पण ते पैसे कशासाठी देतो आहोत ते कळू द्या. दुसरं, दिवसा सुती लंगोट आणि रात्री डायपर एवढं पाळलं तरी महिन्याचा डायपरचा खर्च निम्म्यावर येतो. आम्ही बारशाची १५ पानं कमी केली. दूरचे एक काका रुसले आहेत. रुसोत.

सीट निवडताना मात्र मी तोंडघशी पडलो. पहिली ऑनलाइन मागवली, चित्र बघून. जावईबापूंच्या गाडीत ठेवली, मागचा पट्टा तिच्याभोवती फिरवला, तर तो चार बोटं आखूड! गाडी जुनी, आणि मागच्या सीटच्या सांध्यात आयसोफिक्सच्या, म्हणजे पट्ट्याशिवाय बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या, त्या दोन लोखंडी कड्याही नाहीत. सीट परत. ठाण्यातल्या एका दुकानात गेलो तर विक्रेता म्हणाला, "काका, खोकं फोडून गाडीत लावून दाखवता येणार नाही, पण सगळ्या गाड्यांत बसते." कुठलाच स्पेअर पार्ट सगळ्या गाड्यांत बसत नाही, हे मला सांगायचं कारण नव्हतं. शेवटी वाशीच्या एका दुकानदारानं नमुन्याची सीट खाली पार्किंगमध्ये आणून स्वतः लावून दाखवली. तिथेच घेतली.

त्यानं शिकवलेलं आणि मी नंतर ताडून पाहिलेलं सांगतो. सीटवर मान्यतेचं लेबल हवं: वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि शेजारी आकडा, सोबत आर ४४/०४ किंवा आर १२९ हा युरोपात चालणाऱ्या नियमाचा क्रमांक, नाहीतर आपल्याकडच्या मानकाचा एआयएस ०७२. बाजारात गादी शिवलेले नुसते पट्टेही 'कार सीट' म्हणून विकतात, त्यांच्यावर यातलं काही नसतं. तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे हवं. त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कच्ची. धक्का बसला की अख्खी पाठ सीटमध्ये रुतते आणि मानेवर ताण कमी येतो. आर १२९च्या नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत असंच बसवायचं आहे. आमची सीट १३ किलोपर्यंतची. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर तिथे ही सीट लावायचीच नाही. एअरबॅग फुटली की थेट बाळाच्या पाठीमागे थाड्‌कन बसते. लावून झाल्यावर जिथून गाडीचा पट्टा जातो तिथे धरून हलवून पाहायचं. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा गुडघा टेकून पट्टा ओढायचा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. लांबच्या प्रवासात मध्ये थांबून बाळाला बाहेर काढायचं, आणि घरी पोचल्यावर गाढ झोपलंय म्हणून त्याच सीटमध्ये निजवून ठेवायचं नाही.

आता खरी पंचाईत ऐका. घरी न्यायच्या दिवशी बाळ आलं ते दुपट्यात करकचून गुंडाळलेलं, वर कुंची, हातापायांचा पत्ता नाही. अशा गाठोड्याला दोन पायांमधून जाणारा पट्टा लावणार कसा? दुपटं सोडलं तर मावशी ओरडल्या, "वारं लागेल!" दवाखान्याचा वॉचमन शिट्टी फुंकतोय, मागे दोन गाड्या, बाळ किंचाळतंय, विहीणबाई गप्प पण नजर बोलकी. शेवटी मुलीनं अंगातल्या झबल्यावरच पट्टे लावले आणि दुपटं वरून पांघरलं. तसंच करायचं असतं. जाड कपड्यावरून बांधलेला पट्टा आवळल्यासारखा वाटतो, पण हिसक्याला कापड दबतं आणि तो ढिला पडतो. आईबापांनी हे घरीच एखाद्या बाहुलीवर करून पाहावं, एवढं मी अनुभवानं सांगेन.

दवाखान्यानं डिस्चार्जच्या कागदावर लशींच्या तारखा, स्तनपान, आंघोळ, नाळेची काळजी असं सगळं छान लिहून दिलं. 'बाळ घरी कसं नेणार?' एवढा एक प्रश्न त्यात का नसावा? ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्याच प्रसूतिगृहांना माझी ही विनंती आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि रिक्षानंच जायचं आहे त्यांचं काय, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. रिक्षात सीट बांधायला पट्टाच नसतो. सावकाश चालवणारा ओळखीचा रिक्षावाला बघा, एवढंच म्हणू शकतो.

जुनी सीट घ्यावी का, असं सोसायटीत दोघांनी विचारलं. माहितीतल्या माणसाची, अपघात न झालेली, पट्टे आणि पुस्तिका शाबूत असलेली असेल तर जरूर घ्या. बऱ्याच सीटच्या बुडाशी बनवल्याचा महिना आणि काहींवर किती वर्षं वापरायची तेही कोरलेलं असतं, ते वाचा. अनोळखी माणसाकडून घेऊ नका. अपघातात आतून तडकलेलं प्लास्टिक वरून दिसत नाही.

नातू आता तीन महिन्यांचा झाला. परवा ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्त्यानं खारघरला गेला, महापे येईस्तोवर रडला, मग झोपला. सीटचं खोकं मी ठेवून घेतलं आहे. आमच्या वरच्या मजल्यावर दिवाळीनंतर पाळणा हलणार आहे, तोवर आमच्याकडची सीट लहान पडायची. खोक्यावर मार्करनं खरेदीची तारीख घातली आहे आणि खाली लिहिलं आहे: अपघात नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
खोपट, ठाणे (प.)