नाराजीमागची कारणे ऐकून घेतल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी साहित्याचा अभ्यासक्रम बदलायचे ठरले, तेव्हा आमच्या विभागातील नाराजीला आपण ‘विरोध’ असे नाव देऊन मोकळ्या झाला नाहीत, तर एकेका शिक्षकाशी बोलून तिची कारणे जाणून घेतलीत. त्याबद्दल आपले जाहीर आभार मानते.

वर्षानुवर्षे कालखंडानुसार कवी आणि नाटककार शिकवत आलेल्या शिक्षकाला, यापुढे व्याख्यान थांबवून उताऱ्याचा अर्थ विद्यार्थ्यांकडूनच उलगडून घ्या, असे सांगितले की आपण नेमके कशाचे जाणकार आहोत, हाच प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. रोनाल्ड कार्टर आणि मायकेल लाँग या अभ्यासकांनी १९९१ मध्ये साहित्याच्या अध्यापनाची सांस्कृतिक (साहित्याकडे वारसा म्हणून पाहणारे), भाषिक (साहित्यातून भाषेकडे लक्ष वेधणारे) आणि व्यक्तिविकासाचे (साहित्य वाचकाच्या अनुभवाशी जोडणारे) अशी जी तीन प्रारूपे मांडली, ती आपण जुन्या पद्धतीला कमी न लेखता समजावलीत. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सूर तिथेच निवळला, असे मला वाटते.

शिक्षकाची धारणा आधी बदलत नाही, नव्या पद्धतीमुळे विद्यार्थ्यांच्या शिकण्यात फरक दिसला की मगच ती बदलते, ही शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांची १९८६ मधील मांडणी आपण नुसती सांगितली नाहीत, तर तिला धरून वागलात. कुणाकडूनही संमती वदवून न घेता, एक कविता नव्या रीतीने शिकवून पाहा, एवढेच आपण सुचवलेत. आणि एरवी केवळ टिपणे उतरवून घेणारे विद्यार्थी एका क्रियापदाच्या काळावरून हिरिरीने वाद घालताना आम्ही पाहिले.

सर्वांत मोठे ऋण मात्र परीक्षेबाबतचे आहे. प्रश्नपत्रिका कवीचे चरित्र आणि कवितेचा सारांशच विचारणार असेल, तर वर्गात वेगळे काही शिकवणे म्हणजे विद्यार्थ्यांचे गुण पणाला लावणे, ही आमची हरकत अगदी खरी होती आणि ती आळसातून आलेली नव्हती. आपण ती अभ्यास मंडळापुढे आमच्याच शब्दांत मांडलीत, आणि अपठित कवितेवरील प्रश्नाला मान्यता मिळाल्यावरच नवा अभ्यासक्रम लागू करण्याचा आग्रह धरलात. त्या प्रश्नाच्या उत्तरांचे गुणांकन कसे करावे, यावर आमच्यात अजून एकमत नाही. आपण घालून दिलेल्या पद्धतीनेच, सर्वांचे ऐकून, ते काम आता आम्ही हाती घेतले आहे.

आपली कृतज्ञ,
इंग्रजी साहित्याची एक शिक्षिका