तीन शेळ्या आणि सोळा माणसं

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लहान आलिशान नौकेवरच्या कौटुंबिक सहलीबद्दल लेख आला होता. ‘तरंगता राजवाडा’ असा शब्द त्यात तीनदा होता. तसल्याच एका नौकेवर मी, माझी बायको, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात असे पाच जण २०२५ च्या जुलैत आठ दिवस राहून आलो. राजवाडा वगैरे काही नाही, हे सांगायला हे पत्र. मी उमरगा तालुक्यातला, पशुसंवर्धन खात्यातला निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. निम्मी नोकरी मोटारसायकलवर गेली, मागे लसींचा बर्फाचा डबा बांधून. माझ्या मताला त्या नोकरीचा वास येईल, तो चालवून घ्यावा.

मुलगा ह्यूस्टनला असतो. त्याने ठरवलं की आई-बाबांना गालापागोस बेटं दाखवायची. किती खर्च आला विचारलं की तो विषय बदलतो. एक आकडा मात्र मला पावतीवर दिसला. बेटांवर पाऊल ठेवण्याची राष्ट्रीय उद्यानाची फी परदेशी माणसाला २०० डॉलर, बारा वर्षांखालच्या मुलाला १००. म्हणजे आमच्या घराचे ९००, पाऊण लाख रुपयांच्या वर, आणि अजून नौका दिसलीही नव्हती. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत हीच फी निम्मी होती म्हणे. बायको म्हणाली, ‘‘एवढ्यात एक दुभती म्हैस आली असती.’’ मी म्हटलं, जाफराबादी नाही यायची.

ही बेटं दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशाची, त्याच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर आत समुद्रात, विषुववृत्तावर. विमानात बसण्याआधी मुख्य भूमीवरच सामानाची झडती झाली. ती चाकू-कात्रीसाठी नव्हती, बियांसाठी होती. शेंगदाण्याची चटणी त्यांनी हुंगून परत दिली. पण बायकोने आषाढीसाठी घरच्या वृंदावनातल्या तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या कागदात बांधून आणल्या होत्या, त्या काढून घेतल्या. तिचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण त्या तपासणाऱ्या पोरीचा रागही येईना. २०२२ साली गुरांचा लम्पी रोग आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले होते आणि बैल घेऊन निघालेल्या माणसाला रस्त्यात उभा करून ‘मागं फीर’ म्हणण्याचं काम माझ्यासारख्यांनीच केलं होतं. त्या माणसांचे चेहरे मला तिथल्या रांगेत आठवत होते.

आता नौका. प्रवासी सोळा, खोल्या आठ, आणि आमची बडदास्त ठेवायला नऊ-दहा माणसं. पलंग चांगले, चादरी पांढऱ्याशुभ्र, बाहेरून आलं की पायावरची वाळू धुवायला कोणीतरी पाण्याची नळी घेऊन उभा आणि दुसरा गरम पेय घेऊन. एवढं खरं. पण न्हाणीघर आपल्या एसटीच्या कंडक्टरच्या सीटएवढं. संडासात कागद टाकायचा नाही, तो शेजारच्या डब्यात. मी घरून प्लास्टिकचा तांब्या नेला होता, त्याचं महत्त्व तिसऱ्या दिवशी मुलालाही पटलं. नौका चालते ती बहुधा रात्री, तुम्ही झोपलेले असताना. मांडणीला कठडे आहेत म्हणून ग्लास पडत नाहीत, पण खिडकीचा पडदा भिंत सोडून हवेत लोंबकळत राहतो. तो पडदा बघत मी पहिली रात्र काढली. आम्हाला तिकीट काढून देणाऱ्याने ‘समुद्र एकदम शांत असतो’ असं सांगितलं होतं. जुलैत तिकडे थंडीचा मोसम, वर धुकं आणि भुरभुर, खाली थंड प्रवाह. सुनेला बोट लागली, मला लागली, नौकेवरच्या एका जर्मन डॉक्टरालाही लागली. फक्त बायको तोंडात सुंठेचा तुकडा धरून ठणठणीत. ती म्हणाली, ‘‘लग्नात बैलगाडीतनं आले होते मी, नळदुर्गापासनं.’’

एक मजा सांगतो. नौकेवरून बेटावर जायला रबरी होडी असते, तिला तिकडे ‘पंगा’ म्हणतात. रोज सकाळी खलाशी ओरडायचा, ‘पंगा तयार!’ आणि माझी नात दंड थोपटून, ‘‘आजोबा, चला पंगा घ्यायला!’’ त्या होडीत उतरताना खलाशाचा हात हातात धरायचा नाही. त्याने तुमचं मनगट धरायचं, तुम्ही त्याचं. ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही. उतरणं दोन तऱ्हेचं. कोरडं, म्हणजे खडकावर. आणि ओलं, म्हणजे गुडघाभर पाण्यात उडी. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी हे आधी विचारून घ्यावं. पुरवणीतल्या लेखात यातलं काही नव्हतं.

मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढे पैसे मोजलेल्या सोळा माणसांना तिथे स्वतःच्या मनाने एक पाऊल टाकता येत नाही. गाइडशिवाय उतरायचं नाही आणि एका गाइडमागे सोळाच माणसं. पायवाट सोडायची नाही. प्राण्यापासून दोन मीटर लांब. खायचं काही न्यायचं नाही. कप्तानालाही मर्जीप्रमाणे नौका हाकता येत नाही. कोणत्या दिवशी कोणतं ठिकाण हे उद्यानाने लिहून दिलेलं, आणि एकदा गेलेल्या जागी चौदा दिवसांच्या आत पुन्हा जायचं नाही. आपल्याकडे असं उसाच्या पाण्याच्या पाळीलाही कोणी मानत नाही.

यातला दोन मीटरचा नियम मला फार जड गेला. जनावर दिसलं की माझा हात आपोआप त्याच्या कानामागे जातो, अंग गरम आहे का बघायला. नॉर्थ सेमूर बेटावर समुद्रसिंहाचं पिल्लू वाटेवर आडवं झोपलं होतं. आम्ही थांबलो. ते जागं झालं, सरपटत आलं आणि माझा बूट हुंगायला लागलं. मिशा ओल्या, नाकात शेंबूड, डोळ्यांतून पाण्याची धार. मी पुढे वाकलो तसा गाइड हळूच म्हणाला, ‘‘मागे या.’’ पिल्लाला नियम माहीत नाही, म्हणून मागे आपण सरायचं. तेव्हापासून आठ दिवस मी हात पाठीमागे बांधून फिरलो, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. आणि तिथल्या प्राण्याला माणसाची भीतीच नाही. निळ्या पायांचा बूबी पक्षी वाटेच्या कडेलाच अंड्यावर बसलेला, आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. समुद्रात पोहून शेवाळ खाणारी काळी घोरपड जगात तिथेच आहे. ती खडकावर ऊन खात बसते आणि नाकातून मीठ शिंकरते. नातीच्या चष्म्यावर ते उडालं, तो चष्मा तिने दोन दिवस पुसला नाही.

आता शेळीकडे येतो, पत्र खरं तिच्यासाठीच आहे. सांताक्रूझ बेटावर पोर्तो आयोरा गाव आहे, तिथल्या डार्विन संशोधन केंद्रात एका थंड खोलीत ‘लोन्सम जॉर्ज’ हे कासव पेंढा भरून ठेवलंय. पिंटा बेटावरच्या जातीचं ते शेवटचं. १९७१ साली ते एकटंच सापडलं. चाळीस वर्षं जोडीदारीण शोधली, नाही मिळाली, आणि २४ जून २०१२ ला ते मेलं. जात संपली. खलाशांनी पूर्वी कासवं खाऊन बेट जवळपास रिकामं केलं होतं, उरलेला चारा शेळ्यांनी संपवला. गाइडने सांगितलं की पिंटावर कोळ्यांनी १९५९ साली तीन शेळ्या सोडल्या, एक बोकड आणि दोन माद्या. पंधराएक वर्षांत त्या तीस-चाळीस हजारांवर गेल्याचा अंदाज. नौकेवरच्या लोकांना ही गंमत वाटली. कोणी म्हणालं, अतिशयोक्ती आहे. मी रात्री केबिनमध्ये कागद घेऊन बसलो. आपली उस्मानाबादी शेळी पाच महिने गाभण राहते, दोन वर्षांत तीन वेळा विते, बहुतेकदा जुळं देते. लांडगा नाही, बिबट्या नाही, खाटीक नाही. दर वर्षी नुसती दुप्पट धरली तरी तीनाच्या चौदा वर्षांत ४९,१५२ होतात. सकाळी तो कागद मी गाइडला दाखवला. त्याने खिशात ठेवून घेतला.

मग उद्यानवाल्यांनी शेळ्या संपवल्या. इसाबेला आणि सँतियागो या बेटांवर मिळून दीड लाखाच्या आसपास, हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून, २००६ पर्यंत. शेवटच्या शेळ्या गुहांत-झाडीत दडून बसल्या तेव्हा फितूर शेळी वापरली. एक शेळी पकडायची, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधायचा आणि सोडून द्यायची. शेळी एकटी राहत नाही, ती आपल्या जातीकडे जातेच. माणसं पट्ट्याच्या खुणेवर जातात, बाकीच्यांना मारतात, तिला जिवंत ठेवतात. ती पुन्हा दुसरा कळप शोधायला निघते. हे ऐकून बायकोने विचारलं, ‘‘मग मारलेल्यांचं काय केलं?’’ गाइड म्हणाला, बहुतेक तिथेच सोडल्या. ती दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, ‘‘फितूर शेळीला कळलं असेल का हो, आपण गेलो की सगळे मरतात ते?’’ एवढी वर्षं जनावरांत काढून माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कासवासाठी ते करावंच लागलं, हे मला पटतं. तरी आपल्याकडच्या शिकलेल्या मंडळींना एक सांगायचंय. आपल्या लेखातही एक ओळ होती, ‘शेळी हा निसर्गाचा शत्रू’. तिकडच्या बेटावर होती, कारण तिथे तिचं काही कामच नव्हतं आणि तिला खाणारंही कोणी नव्हतं. आपल्या माळावर ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, मागे राखणारा आहे, लांडगा आहे. विधवा बाईच्या दारात दोन शेळ्या असल्या की तिचं पोरगं दहावीपर्यंत जातं, हे मी मोजून दाखवीन. तिकडचा धडा इकडे आणताना अर्धा आणू नये.

जो आणायचा तो सांगतो. आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं येडशीचं रामलिंग आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अभयारण्य आहे, देऊळ आहे, जटायूची जागा आहे, श्रावणात धबधब्याला गर्दी असते. तिथल्या माकडांना मी स्वतः तीस वर्षं शेंगदाणे टाकत आलो, नातीच्या हातूनही टाकवले. माकडं आता पिशवी हिसकावतात आणि आपण माकडांना नावं ठेवतो. २०२४ च्या अखेरीस विदर्भातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून एक वाघ चालत तिथवर आला, तेव्हा आमच्या भागातली पोरं मोटारसायकली काढून त्याला बघायला निघाली होती. मोबाइल चार्ज करून. पंगाच घ्यायला.

आमचा गाइड त्याच बेटांवरचा होता. तिकडे उद्यानाचा परवाना असल्याशिवाय कोणाला माणसं फिरवता येत नाहीत. रामलिंगच्या परिसरात शेळ्या राखणारी जी पोरं आहेत त्यांना कोणत्या ओढ्यात काय आहे हे पाठ आहे. त्यांना शिकवून परवाना द्यावा, एका पोरामागे सोळा नाही तर वीस माणसं, प्रवेशाला शंभर रुपये आणि फाटकावर खाऊच्या पिशव्या काढून घ्याव्यात. माणसं चिडतील. बायकोच्या मंजिऱ्या गेल्या तेव्हा तीही चिडलीच होती.

आषाढी नौकेवरच आली, ६ जुलैला. साबुदाणा कुठला मिळणार? आचाऱ्याने एक लांबडं, साल काळपट, आत पांढरं कंद उकडून, वर मीठ आणि लोणी घालून दिलं. युका म्हणतात. सुनेने मोबाइलवर बघून सांगितलं की साबुदाणा याच कंदाचा करतात. बायको सालीकडे बघत राहिली. तिला आजवर साबुदाणा म्हणजे कारखान्यातच होतो असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

शेवटचं. फ्लोरिआना बेटावर एक लाकडी पिंप आहे. व्हेल मारणाऱ्या खलाशांनी दोनशे वर्षांपूर्वी ठेवलेल्या पिंपाची ती परंपरा. त्यात पत्ता लिहून कार्ड टाकायचं, तिकीट नाही. पुढे येणारा माणूस गठ्ठा चाळतो आणि आपल्या वाटेवरचं कार्ड घेऊन ते स्वतःच्या हाताने पोचवतो. आमच्या नातीला एक हैदराबादचं सापडलं. उमरग्याहून हैदराबाद म्हणजे सरळ हायवे. श्रावणात मी एसटीने जाऊन ते देऊन आलो. म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, कार्ड उलटसुलट पाहिलं, मुलीचं अक्षर ओळखलं आणि मला जेवू घालूनच सोडलं.

आम्हीही एक टाकलंय, आमच्या गावच्या पत्त्यावर. अजून आलेलं नाही. आपल्या वाचकांपैकी कोणी तिकडे निघालं तर पिंप चाळून बघावं. पत्ता मराठीत आहे, आणि मागे नातीने काळी, लांब कानांची शेळी काढली आहे, गळ्यात पट्टा नसलेली.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. उमरगा, जि. धाराशिव
(नाव व पत्ता संपादकांकडे)